पाऊस आधी झुडपावर पडतो

पर्जन्यमापक मोकळ्या जागी बसवतात. जवळ झाड नको, भिंत नको, वर कशाची सावली नको. महसूल मंडळाचा पाऊस असाच मोजला जातो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी ठरते, आणि पुढचे पंचनामे, मदत, नुकसानीचे हिशोब सगळे त्या आकड्यावर चालतात. आकडा खराच असतो. आभाळाने किती दिले ते तो सांगतो. जमिनीला किती पोचले, नेमके कुठे पोचले आणि किती जोराने आदळले, हे त्याला सांगता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या बरड टेकड्यांवर, गावोगावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर, घाटाच्या उतारांना आणि शेतांच्या धुऱ्यांवर आभाळ आणि माती यांच्या मधे तरवड, बोराटी, करवंद, निरगुडी, हेंकळ, मुरुडशेंग आणि रुई उभ्या आहेत. पाऊस आधी त्यांच्यावर पडतो. त्यांच्यावर पडलेल्या पावसाचे पुढे काय होते, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

विषय लहान वाटेल, पण या जिल्ह्यात तो लहान नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आणि पुढे मलकापूरकडे गेले की पूर्णेचे सपाट काळे खोरे लागते. वरच्या अजिंठ्याच्या रांगेवरून पाणी दोन दिशांना जाते. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. त्याच रांगेत उगवणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे निघते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. देऊळगाव राजाकडची खडकपूर्णाही गोदावरीच्याच घरची. माथ्यावर थेंब कुठे पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. शाळेत आपण एवढे शिकतो. थेंबाला तिसरीही वाट आहे, ती सहसा शिकवली जात नाही: दोन्ही समुद्रांना चुकवून, पानावरूनच परत हवेत जाण्याची. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि खाली काळ्या पाषाणावर वीतभर मुरमाड माती. अशा ठिकाणी या तिसऱ्या वाटेने किती पाणी जाते हे आपल्याला माहीत असायला हवे.

झुडपावर पडलेल्या पावसाचे तीन वाटे होतात. काही पाणी पानांच्या फटींतून सरळ किंवा पानांवर थांबून, जमून, खाली गळते. काही पाणी डहाळीवरून फांदीवर, फांदीवरून खोडावर आणि खोडावरून मुळाशी उतरते. उरलेले पानांना, सालीला, काट्यांना चिकटून राहते आणि तिथूनच वाफ होऊन जाते. गळालेले आणि खोडावरून उतरलेले पाणी मोजता येते. उघड्यावरच्या पावसातून त्या दोघांची बेरीज वजा केली की उरतो तो झुडपाने अडवून ठेवलेला पाऊस. अमेरिकेतले जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९१९ साली झाडांखाली मापके ठेवून हा हिशोब नीट मांडला. पुढे १९७१ मध्ये रटर यांनी आणि १९७९ मध्ये गॅश यांनी त्याची गणिते बसवली. ती गणिते दाट जंगलांसाठी होती. जिथे दोन झुडपांच्या मधे उघडी जमीन असते अशा विरळ झाडोऱ्यासाठी ती १९९५ मध्ये सुधारली गेली. आपला बरड मुलूख त्या दुसऱ्या प्रकारचा आहे.

जगभरच्या कोरड्या मुलखांतल्या झुडपांची मोजमापे पाहिली तर अडवलेला पाऊस बहुतेक ठिकाणी एकूण पावसाच्या १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान येतो. वाचणाऱ्याला वाटेल की एवढे पाणी वाया गेले, मग झुडूप तोडलेलेच बरे. पण हा टक्का झुडपाच्या अंगचा ठरीव गुण नाही. झुडूप जितके तेवढेच असते, पाऊस बदलतो.

एखाद्या मध्यम झुडपाचा पसारा स्वतःवर साधारण एक मिलिमीटर पाऊस धरून ठेवतो असे समजू. काही झुडपे अर्धा धरतात, काही दोन. आता ३० मिलिमीटर पाऊस एका झडीत पडला, तर पहिल्या मिलिमीटरमध्ये पाने भरतात आणि पुढचे बहुतेक सगळे खाली येते. झडीत हवा ओली असते, ऊन नसते, पान दिवसभर ओलेच राहते, त्यामुळे हवेत फारसे जात नाही. तोच ३० मिलिमीटर पाऊस महिनाभरात तीन-तीन मिलिमीटरच्या दहा सरींनी आला, मधे कडक ऊन आणि वारा असला, तर दर वेळी पान कोरडे होऊन नव्याने भरायचे असते. दहा वेळा एक-एक मिलिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर, तिसरा हिस्सा, जमिनीला न शिवता जातो. नोंदवहीत दोन्ही महिने सारखेच दिसतील. हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिलिमीटरच्या आतला दिवस पावसाचा दिवस धरत नाहीत. झुडपाखालच्या मातीलाही असे दिवस जवळजवळ नसल्यासारखेच असतात.

म्हणून आपल्याकडे हा प्रश्न नक्षत्रांप्रमाणे बदलतो. मृगाच्या तोंडावर बोराटी बहुधा उघडी असते, तिची पाने उन्हाळ्यात झडलेली असतात. पहिला जोरदार पाऊस काटेरी काड्यांमधून सरळ खाली जातो. तरवडाचे तसे नाही, तो उन्हाळ्यातही हिरवा असतो आणि पहिल्याच सरीला भिजून उभा राहतो. करवंदाची जाळी बारमाही. पुनर्वसू-पुष्यापर्यंत बोराटी भरगच्च होते. तिच्या पानाची खालची बाजू पांढुरक्या लवेची, त्यामुळे पाणी धरण्याची रीतही तिची निराळी. रुईच्या मेणचट पानावरून थेंब ओघळून जातो. म्हणजे एकाच टेकडीवर, एकाच सरीत, चार पावलांवरच्या दोन झुडपांखाली दोन वेगळे पाऊस पडतात. हे कोणाच्याही डोळ्यांना दिसण्यासारखे आहे, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि याच कारणाने मला हा विषय फार जवळचा वाटतो.

पण खरे नवल खोडावरून उतरणाऱ्या पाण्यात आहे. एकूण पावसात त्याचा वाटा थोडा, बहुतेक झुडपांत दहा टक्क्यांच्या आत. मात्र ते थोडे पाणी पडते फार छोट्या जागेत. हिशोब करून पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. झुडपाचा पसारा दोन चौरस मीटर, पाऊस २० मिलिमीटर, म्हणजे झुडपावर ४० लिटर पाणी आले. त्यातले पाच टक्के, म्हणजे दोन लिटर, खोडांवरून खाली आले. बुडाशी सगळ्या खोडांच्या छेदाचे मिळून क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर धरले, तर तेवढ्याच उघड्या जमिनीला त्या पावसात मिळाले असते ४० मिलिलिटर. झुडपाच्या बुडाला मिळाले दोन हजार. पन्नास पट. हर्विट्झ या संशोधकाने १९८६ साली हे गुणोत्तर काढण्याची रीत घालून दिली, तीच आजही वापरतात.

हे पाणी बुडाशी साचून वाहून जात नाही. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी भागातल्या तीन झुडपांवर मार्टिनेझ-मेझा आणि व्हिटफर्ड यांनी काम केले, ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. खोडावरून आलेले पाणी मुळांच्या कडेकडेने खोल उतरते, हे त्यांनी दाखवले. त्या तिघांतले एक झुडूप आपल्याकडच्या विलायती बाभळीचे सख्खे भावंड होते. ऑस्ट्रेलियात मल्गा नावाचे बाभळीच्या कुळातले झाड आहे, त्याच्या फांद्या आणि पाने वर रोखलेली असतात, आणि तिथल्या १९७० च्या दशकातल्या मोजमापांत खोडावाटे उतरणारे पाणी मोठे भरले होते. फांद्या जितक्या उभ्या आणि साल जितकी गुळगुळीत, तितके पाणी खोडाकडे. फांद्या लवलेल्या असल्या की पाणी कडेने ठिबकते. साल खडबडीत असली की ती आधी स्वतः पिते. आपल्या तरवडाची बुडापासून फुटलेली उभी खोडे आणि बोराटीच्या चहूकडे पडलेल्या फांद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की या नियमाचे दोन्ही टोकांचे नमुने हाताशी येतात.

आणि हे आपल्या जमिनीत का महत्त्वाचे? मुरमावरची माती वीतभर, तिच्यात पाणी साठायला जागा थोडी, जोराची सर आली की वरचा थर भरतो आणि बाकीचे उतारावरून धावते. मुळे मात्र पाषाणाच्या फटीत गेलेली असतात. मुळाच्या कडेने उतरलेले पाणी त्या फटींत जाते, जिथे ऊन पोचत नाही. मघाच्या दहा ते तीस टक्क्यांची नुकसानी आणि हे खोल गेलेले पाणी एका पारड्यात घातल्याखेरीज झुडपाचा न्याय करता येत नाही. त्यात आणखी एक भर: पाऊस पानांवरून आणि सालीवरून उतरताना महिनोन्‌महिने बसलेली धूळ, पाखरांची विष्ठा, पानांतून सुटणारे पालाशसारखे क्षार धुऊन बुडाशी आणतो. खाली पालापाचोळा, त्यात वाळवी आणि मुंग्या, त्यांनी केलेली भोके, आणि म्हणून पाणी मुरण्याचा वेग उघड्या जमिनीपेक्षा जास्त. श्लेसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वाळवंटी झुडपांभोवतालच्या अशा सुपीक जागांना बेटे म्हटले. बोराटीच्या बुडात, शेळीचे तोंड पोचत नाही अशा जागी, एखाद्या हिवराचे वा कडुनिंबाचे रोप वाढताना आपल्या गुराख्यांनी कायमच पाहिले आहे.

आता जोराचा मुद्दा. मोठा थेंब जमिनीवर येईपर्यंत सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेग घेतो. मीटरभर उंचीच्या पानावरून सुटलेला थेंब चार मीटरच्या थोडा वर पोचतो. वेग निम्मा झाला की माराची ताकद चौथाई होते. उंच झाडांचे मात्र उलटे होऊ शकते. आठ-दहा मीटरवरून पडणारा थेंब पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग घेतो, आणि पानावर जमून सुटल्यामुळे तो मुळात पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो. हॉल आणि कॅल्डर यांनी १९९३ मध्ये वेगवेगळ्या झाडांखालच्या थेंबांचे आकार मोजले, त्यात सागाच्या रुंद पानांवरून पडणारे थेंब निलगिरीच्या थेंबांपेक्षा मोठे आणि जमिनीला जास्त मारक ठरले. सागाखालचा पाला जळून गेला किंवा गोळा करून नेला, खालची झुडपे साफ केली, की उतारावरची माती सुटते ती यामुळे. ज्ञानगंगा अभयारण्यात, बोथ्याच्या बाजूला, साग आणि अंजनाच्या खाली जो झुडपांचा मजला दिसतो, तो मातीच्या दृष्टीने वरच्या मजल्याइतकाच मोलाचा आहे. माझे मत विचाराल तर थोडा जास्तच.

शेतातही हेच चालते. आपली पऱ्हाटी आणि तूर दोन्ही झुडपेच आहेत. पण जूनमध्ये पेरलेल्या पऱ्हाटीची पाने तासांमधली जागा झाकायला ऑगस्ट उजाडतो, आणि तूर तर सुरुवातीचे दोन महिने जागची हलत नाही. वर्षातल्या सर्वांत माराच्या सरी उघड्या, नुकत्या वखरलेल्या, डवरलेल्या मातीवर पडतात. त्या दिवसांत शेतात पानांचा पसारा असतो तो फक्त धुऱ्यावर. धुरा साफ ठेवणे ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानली जाते. त्यामागे कीड, सावली, वाटेची अडचण अशी खरी कारणे आहेत, त्यांना हसण्यात अर्थ नाही. तरी उताराच्या खालच्या अंगाचा धुरा तरवड-निरगुडीने भरलेला ठेवून वरच्या अंगाचा साफ ठेवणे, एवढी निवड करता येते. खालच्या धुऱ्यावर वाहत आलेली माती आणि पाणी दोन्ही थांबतात.

कोरडवाहू शेतीचे मोजमाप आपल्याकडे नवे नाही. सोलापूरला १९३३ पासून संशोधन सुरू झाले, एन. व्ही. कानिटकरांनी ते पुस्तकरूपाने मांडले, आणि शेतातून किती पाणी व किती माती वाहून जाते याचे आकडे महाराष्ट्राला मिळाले. बांधबंदिस्ती त्यातूनच उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून बांध, नाला बंडिंग, पाझर तलाव झाले, पुढे जलयुक्त शिवार आले. बुलढाण्याने तर राष्ट्रीय महामार्गाला लागणारा मुरूम आणि माती तलाव व नाले खोल करून पुरवण्याची रीत काढली आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ती देशात पोचली. हे सगळे काम मोठे आहे. खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूर-जळगाव जामोदच्या भागात, जमिनीखालचे पाणी खारे असल्याने वरून आलेला प्रत्येक गोडा थेंब साठवणे ही तिथली निकड आहे. पण या सगळ्या कामांत पाण्याचा हिशोब मातीपासून सुरू होतो. पाणी मातीवर आले, वाहायला लागले, आता अडवा. त्याच्या आधी काय घडले याचा रकानाच कागदावर नाही.

रकाना नसल्याचे परिणाम टेकडीवर दिसतात. सलग समतल चर खोदताना यंत्राला वाट हवी म्हणून उतारावरची झुडपे आधी उपटली जातात. चर पाणी धरतो, पण त्याच्या वरची सगळी उघडी झालेली माती पहिल्या दोन पावसाळ्यांत चरातच येऊन बसते. मग गाळ काढायचे नवे काम. सरकारी वर्गवारीही याला हातभार लावते. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली प्रथम निघाला आणि पुढेही निघत राहिला. त्यात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार आहे. गावाच्या ई-क्लास जमिनीवर अतिक्रमण होते, मुरूम काढला जातो, वृक्षारोपणासाठी झुडपे काढून खड्डे घेतले जातात, आणि ग्रामसभेत कोणी हरकत घेत नाही, कारण कागदावर तिथे काहीच नव्हते. तिथे गावाच्या नाल्याला येणाऱ्या पाण्याची पहिली चाळण होती.

सगळी झुडपे सारखी नाहीत, हेही इथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. घाणेरीची दाट जाळी पाऊस पुष्कळ अडवते, खाली गवत येऊ देत नाही आणि उन्हाळ्यात आगीला सरपण होते. विलायती बाभूळ जिथे शिरते तिथे दुसरे काही राहत नाही. लोणारचे विवर या दृष्टीने फार शिकवणारे आहे. १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाडगा, त्यातून एकही ओढा बाहेर जात नाही. कड्यांवर पडलेला पाऊस आणि झरे आत येतात, आणि तळ्यातले पाणी मुख्यतः वाफेनेच जाते. अशा बंद हिशोबात कड्यांवरच्या प्रत्येक पानाने अडवलेला पाऊस तळ्याच्या खात्यातून वजा होतो. तिथली विलायती बाभूळ काढायला घेतली हे योग्य झाले. मात्र तिच्या जागी उघडा उतार ठेवला तर तळ्यात पाण्याऐवजी माती जाईल. जुनी स्थानिक झुडपे तिथे पुन्हा उभी राहणे हा त्या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि २०२० मध्ये रामसर यादीत गेलेल्या तळ्यासाठी तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पुढच्या प्रकरणांत झुडपांची ओळख, मोजण्याच्या पद्धती आणि नोंदींचे तक्ते आहेत. ते शाळांतल्या शिक्षकांनी, कृषी सहायकांनी, पाणलोटाचे काम करणाऱ्या तरुणांनी वापरावेत अशी इच्छा आहे. साहित्य फार लागत नाही. एकाच मापाचे दहा-बारा डबे झुडपाखाली वेगवेगळ्या अंतरांवर ठेवायचे, काही खोडाजवळ, काही मधे, काही कडेला, कारण एका डब्यावर थेंबांची धार पडते आणि वीतभरावरचा दुसरा कोरडा राहतो. दोन डबे उघड्यावर. खोडावरच्या पाण्यासाठी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून खोडाभोवती तिरकी गुंडाळायची, फटी मेणाने बुजवायच्या आणि खालचे टोक कॅनमध्ये सोडायचे. झुडपाचा पसारा दोन बाजूंनी मोजून लिहून ठेवायचा. दर सरीची वेगळी नोंद हवी. आठवड्याची बेरीज करून ठेवली तर झडी आणि सुटी सर यांतला फरक, जो सगळ्या हिशोबाचा गाभा आहे, तोच नाहीसा होतो. सर थांबल्यावर पानांवरून ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहायची आणि लगेच मोजायचे. ऊन पडले की डब्यातले पाणीही उडू लागते. तरवड आणि बोराटी या दोन झुडपांपासून सुरुवात करावी, ती जिल्ह्याच्या बहुतेक गावांत ई-क्लासवर शेजारी शेजारी सापडतात. डबे मृगाच्या आधी लावून ठेवावेत, म्हणजे बोराटीला पाने येण्याआधीची नोंदही हाती लागेल.